चष्म्यासकट बर्फावर

चष्मा लावणाऱ्या माणसानं स्कीइंगला जायचं ठरवलं की त्याला पहिला सल्ला मिळतो तो चष्मा काढून ठेवण्याचा. मग 'लेन्स लाव'. मग 'लेसर करून टाक एकदाचं'. सल्ले देणारी माणसं आपलीच असतात, त्यांना काळजीही असते, फक्त बहुतेकांना स्वतःला नंबर नसतो. माझा धंदाच चष्म्याचा. या सगळ्या सल्ल्यांच्या तळाशी मला एकच समजूत दिसते, की चष्मा ही अडचण आहे, ती आधी दूर करा आणि मग बर्फाचं बोला. मला हे मान्य नाही. ज्याला नंबर आहे त्याची तयारी चष्म्यापासूनच सुरू व्हायला हवी. आधी चष्मा ठरवायचा, मग त्यावर बसणारा गॉगल आणि शेवटी त्या दोघांना सामावून घेणारं हेल्मेट. लोक बरोबर उलटं करतात. आवडत्या रंगाचं हेल्मेट आधी येतं, सेलमध्ये दिसलेला गॉगल त्यामागून येतो आणि निघायच्या आदल्या रात्री कळतं की चष्मा घातला तर गॉगल बसत नाही आणि गॉगल घातला तर दिसत नाही.

अमळनेरला बाजारात आमचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. आमच्याकडे चष्म्याचे शत्रू ठरलेले: धूळ, घाम आणि मे महिन्यातलं ऊन. खानदेशात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेल्या चष्म्याच्या कोटिंगला बारीक भेगा पडतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. त्या घेऊन माणसं येतात आणि काच बदलून जातात. बर्फाशी आमचा संबंध गोळ्याच्या गाडीपुरता. आकाशातून पडतो तो गारपीट होऊन, आणि गारपिटीचं नुसतं नाव काढलं तरी रावेर-यावलच्या केळीवाल्याच्या काळजात धस्स होतं.

तरी आता चित्र बदलतंय. हिवाळ्यात भुसावळला झेलम एक्सप्रेस पकडायची, जम्मूला उतरायचं आणि गुलमर्ग गाठायचं, हे इकडच्या कॉलेजच्या पोरांना नवलाचं राहिलेलं नाही. कुणी उत्तराखंडात औलीला जातं, कुणी मनालीजवळच्या सोलंगला. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीलाही सरकारी गिर्यारोहण संस्था आहे, आणि दोन्हीकडे अगदी नवशिक्यांनाही शिकवतात. सातपुड्यात तोरणमाळपर्यंत चढून आलेली पोरं पुढे हिमालयाची स्वप्नं बघतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या नाकावर चष्मा असतो.

माझी भाची त्यातलीच. उजव्या डोळ्याला उणे चार, डाव्याला उणे साडेचार, दोन्हीकडे थोडा सिलेंडर, म्हणजे तिरका नंबर. गुलमर्गला शिकायला जायचा फॉर्म भरायच्या आधी ती दुकानात आली आणि काउंटरला टेकून विचारलं, "मामा, तिकडे चष्मा चालतो का हो?"

हा प्रश्न मला फार आतपर्यंत कळतो. मला सातवीत नंबर लागला. बोरी नदीला पाणी असलं की पोरं उड्या मारायची आणि मी काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायचो. कबड्डीचे गडी निवडताना सर आधी म्हणायचे, "चष्मेवाले बाजूला व्हा." त्यांचा हेतू चांगलाच होता. काच फुटून डोळ्याला लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण ते 'बाजूला व्हा' मनात बसलं ते बसलंच. म्हणून भाचीला मी म्हटलं, चालतो, आणि कसा चालतो ते आपण दोघं नीट बघू.

घरी मात्र आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, अहिराणीत एका वाक्यात निकाल दिला. "चष्मा फुटना ते डोयामा काच जाई." हे वाक्य मी उडवून लावलं नाही. आईच्या तरुणपणी चष्म्याची काच खरोखरची काच असायची आणि ती फुटायचीही. आज ज्याला आपण सरसकट फायबर म्हणतो ती काच बहुतेक वेळा सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकची असते. हलकी असते, पण जोराचा मार बसला तर तिचेही तुकडे होऊ शकतात. मार सोसायचा असेल तर पॉलिकार्बोनेट घ्यावं, धंद्यातल्या भाषेत 'पॉली'. स्कीच्या गॉगलची पुढची काचही बहुधा याचीच असते. पॉलीवर चरे लवकर पडतात, म्हणून वर हार्ड कोटिंग हवंच. पण बर्फावर पडायची शक्यता असलेल्या माणसाला मी दुसरी काच देणार नाही, मग तो कितीही घासाघीस करो.

आता चार नंबर म्हणजे काय, ते मी गिऱ्हाइकाला पट्टी घेऊन दाखवतो. एक मीटरला चारनं भागा, पंचवीस सेंटीमीटर येतात. उणे चारवाल्याचं चष्म्याशिवायचं स्पष्ट जग तिथं संपतं. पुढचं सगळं पुसट. ताशी २० किलोमीटर वेगानं घसरणारा माणूस एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जातो. समोर पडलेला दुसरा नवशिका, जाळीचा खांब, उताराची कड हे सगळं त्याला वेळेत दिसायला हवं. त्यात रस्त्यावरचा खड्डा निदान काळा दिसतो. बर्फावर खड्डाही पांढरा आणि उंचवटाही पांढरा, दोघांत फरक काय तो सावलीच्या छटेचा. ढग उतरले की ती छटाही पुसली जाते आणि चांगल्या नजरेच्या माणसालाही पायाखालचा उतार कळेनासा होतो. अशा ठिकाणी 'थोडंसं धूसर दिसलं तर काय बिघडतं' असं म्हणणाऱ्यानं पंचवीस सेंटीमीटरची ती पट्टी एकदा नाकासमोर धरून बघावी.

फ्रेमपासून सुरुवात करू, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. तुमच्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात ५२-१८-१४० असं काहीतरी छापलेलं असेल. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. याशिवाय पट्टी घेऊन फ्रेमची या टोकापासून त्या टोकापर्यंतची रुंदी आणि काचेची उंची मोजा. ही दोन मापं गॉगलच्या आतल्या जागेत मावली पाहिजेत. सध्या चालणाऱ्या मोठ्या चौकोनी फ्रेमा इथंच बाद होतात. गालाला टेकणारी फ्रेम गॉगलमध्ये कोंबली की काचेच्या कडा भुवईवर आणि गालाच्या हाडावर रुततात. तशा अवस्थेत कुणी पडलं तर काय होईल, हे सांगायला नको.

धातूची फ्रेमही नको. थंडीत धातू कातडीला झोंबतो आणि नाकावरच्या पॅडचे ते तारेचे हात आघातात आत दाबले जातात. टीआर-९० नावाचं लवचीक प्लास्टिक मिळतं, ते वाकतं आणि परत सरळ होतं. पूर्ण रिमची, लहान उंचीची, नाकाचा पूल त्याच प्लास्टिकात घडवलेली अशी फ्रेम भाचीला दिली. आरशात बघून तिनं तोंड वाकडं केलं. पण ही फ्रेम कॉलेजसाठी नव्हतीच. रोजचा चष्मा तिनं वेगळा ठेवला, तोच मग तिकडे जादा चष्मा म्हणून पिशवीत गेला. जादा चष्मा हवाच. बर्फाच्या गावात चष्मा मोडला तर चोवीस तासांत नवा करून देणारा कुणी कोपऱ्यावर बसलेला नसतो.

काडीकडे फारसं कुणी बघत नाही. हेल्मेटच्या कानपट्ट्या काडीला कानावर दाबतात. काडी जाड असेल तर तासाभरात डोकं ठणकायला लागतं, आणि तिचा वाक कानामागे खोल उतरत असेल तर ती कानपट्टीत अडकते. भाचीनं ऑनलाइन मागवलेलं हेल्मेट मी दुकानातच घालायला लावलं. मग नवा चष्मा समोरून आत सरकवायचा. डावी काडी गेली, उजवी अडली. चष्मा काढून काडीचं टोक हीटरच्या गरम हवेवर धरलं. टीआर-९० मोठं हट्टी, त्याला आकार द्यायला जास्त उष्णता लागते आणि हात सैल सोडला की ते परत जागेवर जातं. टोक बोटांत धरून गार होईपर्यंत तसंच दाबून ठेवावं लागतं. वाक थोडा कमी केला, पुन्हा घातलं, पुन्हा अडलं. आणखी थोडा कमी केला. शेवटी काडी कानपट्टीच्या कापडावरून आवाज न करता सरकली आणि भाची म्हणाली, "आता लागत नाहीये, मामा." काडी सरळ झाली की चष्मा पुढे घसरतो, म्हणून मागे बारीक इलॅस्टिकची दोरी बांधली. त्या दोरीची गाठ डोक्याच्या मागच्या बाजूला हेल्मेटखाली येणार नाही, हेही बघून घेतलं. एवढीशी गाठही दिवसभर टोचते.

माझ्या वयाच्या माणसांसाठी एक सांगतो. पन्नाशीला आलेले बरेच जण प्रोग्रेसिव्ह नाहीतर बायफोकल वापरतात. बर्फावर ते नको. खालच्या भागात वाचनाचा नंबर असतो आणि स्की करताना नजर वारंवार पायांसमोरच्या बर्फावर जाते. नेमका तोच बर्फ खालच्या भागातून धूसर दिसतो. निव्वळ लांबचा नंबर असलेला साधा चष्मा करून घ्या. भाचीला सोडायला मी गुलमर्गपर्यंत गेलो आणि तिथं एका शिक्षकाकडे हौसेनं शिकूनही घेतलं, ते असाच चष्मा लावून. फोनवरचे आकडे वाचता येत नव्हते, पण बुटांपुढचा उतार लख्ख दिसत होता.

आता गॉगल. बर्फावर डोळे झाकायची युक्ती फार जुनी आहे. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीला डोळ्यांपुढे दोन बारीक आडव्या फटी पाडून ती बांधत. काच नाही, रंग नाही, तरी चकाकी अडते. मला यातली दुसरी गोष्ट जास्त भावते. बारीक फटीतून बघितलं की नंबरवाल्या डोळ्यालाही थोडं स्पष्ट दिसतं. डोळे तपासताना भोकाची किंवा फटीची चकती लावतात ती याच तत्त्वावर. म्हणजे बर्फावरचा सगळ्यात जुना गॉगल लांबचं न दिसणाऱ्या शिकाऱ्यालाही थोडाफार उपयोगी पडत असणार. आजचा स्कीचा गॉगल मात्र अमेरिकेतल्या बॉब स्मिथ नावाच्या दंतवैद्याच्या डोक्यातून आला. बर्फावर काचेवर वाफ धरते म्हणून हैराण होऊन त्यानं १९६५च्या सुमारास दुहेरी काच, मधे बंद हवा आणि कडेला हवा खेळू देणारा फोम असा गॉगल केला. डोळ्यांच्या धंद्यात असूनही त्या दंतवैद्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

चष्मेवाल्यांना यात तीन वाटा आहेत. पहिली ओटीजीची, म्हणजे चष्म्यावरून घालायचा गॉगल. त्याची चौकट खोल असते आणि कानशिलाजवळच्या फोमला काडी जाण्यापुरती खाच असते. खाच नसेल तर फोम काडीवरून उचलला जातो, फटीतून वारा आत येतो आणि काडी कानशिलावर दाबली जाते. साध्या गॉगलला लोक ब्लेडनं खाच पाडतात तेही मी बघितलंय. ते करू नका, फोम तिथून सुटत जातो. ओटीजी घालून मान सगळीकडे फिरवा, तोंड उघडा, हसा. चष्म्याची काच गॉगलच्या काचेला कुठेही टेकता कामा नये. टेकली तर दोन्हींवर चरे पडतात, आणि पडल्यावर आघात सरळ चष्म्यावर येतो.

दुसरी वाट आतल्या इन्सर्टची. गॉगलच्या आत नाकाजवळ एक छोटी चौकट चिकटते किंवा अडकते, तिच्यात तुमच्या नंबरच्या काचा बसवायच्या. काडी नाही, त्यामुळे हेल्मेटचा प्रश्नच मिटतो. ऐकायला फार छान. पण इथं चष्मेवाल्याचं काम वाढतं. काच डोळ्यापासून किती लांब बसते त्यावर मोठ्या नंबरचा परिणाम बदलतो. उणे चारच्या पुढे हा फरक जाणवू लागतो, आणि उणे सहा-सातला तो हिशेबात धरावाच लागतो. शिवाय दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला आम्ही पीडी म्हणतो, ते इन्सर्टच्या काचांमध्ये जुळलं नाही तर उतारावर गरगरल्यासारखं होतं. इन्सर्ट नुसता मागवून त्यात काचा भरून घेऊ नका. गॉगल चेहऱ्यावर चढवून, इन्सर्ट डोळ्यापुढे कुठे येतो ते बघून मापं घेणारा माणूस गाठा. इन्सर्ट चेहऱ्याच्या जवळ असल्यानं त्यावर वाफही लवकर धरते.

तिसरी वाट थेट नंबरच्या गॉगलची, म्हणजे गॉगलच्याच काचेत नंबर. ती महाग आहे, आणि दरवर्षी चार-आठ दिवस जाणाऱ्याला परवडावी असं मला वाटत नाही. वाढत्या वयाच्या पोरांना तर नकोच, नंबर बदलला की सगळंच वाया.

भाचीसाठी आम्ही ओटीजी घेतला. तिची फ्रेम लहान होती, काडी सरळ झाली होती, आणि चष्मा चष्माच राहत होता. संध्याकाळी गॉगल काढला तरी डोळ्यांवर नंबर आहेच.

गॉगलच्या रंगाला भुलू नका, त्यावर लिहिलेला 'एस' बघा. एस-१ मधून ४३ ते ८० टक्के उजेड आत येतो, एस-२ मधून १८ ते ४३, एस-३ मधून ८ ते १८ आणि एस-४ मधून फक्त ३ ते ८. लख्ख उन्हात एस-३, ढगाळ आणि बर्फ पडत असताना एस-१, पिवळसर नाहीतर गुलाबी छटेचा. काचा बदलता येणारा गॉगल असेल तर उत्तम. एकच घ्यायचा असेल तर नवशिक्यानं एस-२ घ्यावा असं माझं मत आहे. आपल्याकडची माणसं खानदेशच्या उन्हाच्या हिशेबानं सगळ्यात काळी काच उचलतात, आणि मग दुपारी ढग आले की त्यांना उतारच दिसत नाही. काळी काच म्हणजे जास्त संरक्षण असंही नाही. अतिनील किरण अडवणं हा काचेचा वेगळा गुण आहे, तो फिकट काचेतही असतो आणि असायलाच हवा. दर हजार मीटर चढलं की हे किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत उलटे वर फेकतो. गुलमर्ग अडीच हजार मीटरच्या वर आहे आणि तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या पुढे नेतो. तिथं उघड्या डोळ्यांनी दिवस काढला तर त्रास लगेच होत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. ढगाळ दिवशीही गॉगल हवाच, तो याचसाठी.

उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक काच आमच्याकडे फार खपते, त्यामुळे 'माझी तर आपोआप काळी होते, मला वेगळा गॉगल कशाला' असं बरेच जण विचारतात. ही काच अतिनील किरणांनी काळी होते. गॉगल ते किरण बाहेरच अडवतो, म्हणून गॉगलच्या आत ती पांढरीच राहते. नुसती घालायची म्हटली तर कडेनं उजेड आणि वारा आत येतोच. शिवाय हिच्यावर तापमानाचा परिणाम होतो. उकाड्यात ती कमी काळी होते आणि थंडीत जास्त, वर परत पांढरी व्हायला वेळ लावते. मे महिन्यात गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येतात, काच पुरती काळी होत नाही म्हणून. तीच काच बर्फात नेली तर हॉटेलच्या दारातून आत शिरल्यावर बराच वेळ अंधारात चाचपडायला लावते.

आणि वाफ. चष्मेवाल्याची खरी लढाई इथं आहे. हेल्मेटखाली तोंडाला रुमाल बांधून मोटारसायकल चालवणाऱ्या प्रत्येक चष्मेवाल्या खानदेशी माणसाला ती ठाऊक आहे. श्वास रुमालातून वर येतो आणि काच पांढरी होते. बर्फावर हेच होतं, फक्त काच जास्त गार आणि श्वास तितकाच गरम. ओटीजीत तर दोन काचा, चष्म्याची आणि गॉगलची. गळ्यातला बफ, म्हणजे तोंडावर ओढायची गळपट्टी, गॉगलच्या फोमखाली खोचू नका, नाक उघडं ठेवा. गॉगल कपाळावर चढवू नका, कपाळाचा घाम फोम पिऊन घेतो आणि मग दिवसभर तोच आत ओकत राहतो. गॉगलच्या आतल्या बाजूचं कोटिंग नाजूक असतं, ते हातमोज्यानं किंवा शर्टाच्या टोकानं घासू नका. पाणी लागलंच तर मऊ कापडानं नुसतं टिपा. चष्म्याच्या काचेला वाफ न धरण्याचा स्प्रे किंवा कापड मिळतं, ते सकाळी कोरड्या काचेवर लावून निघा.

गुलमर्गच्या उतारावर मला आणखी एक दिसलं, ते दुकानात बसून कधी कळलं नसतं. घसरत असताना काच स्वच्छ असते, कारण वारा झरोक्यांतून आत-बाहेर खेळतो. वाफ धरते ती थांबल्यावर. रांगेत उभं राहिलं, अंगातली ऊब वर आली, श्वास जोरात चाललाय, की दहा मोजेपर्यंत समोरचं नाहीसं. भाची थांबली रे थांबली की दोन बोटांनी गॉगल नाकापासून जरासा पुढे ओढून धरायची. काचेच्या कडेनं आधी एक पारदर्शक चंद्रकोर उमटायची, ती मोठी होत होत मधे यायची, मग ती गॉगल सोडायची. तिच्या शेजारी उभे असलेले बिनचष्म्याचे दोघे तिचं बघून तसंच करायला लागले.

हेल्मेटबद्दल आपल्या घरात पहिला विचार येतो, मोटारसायकलचं आहे की! ते नका नेऊ. त्यावरचा आयएसआयचा शिक्का दुचाकीसाठी आहे, आयएस ४१५१ मानकाचा. स्कीच्या हेल्मेटवर ईएन १०७७ हे युरोपातलं किंवा एएसटीएम एफ २०४० हे अमेरिकेतलं मानक लिहिलेलं असतं, त्यात गारठ्यातल्या आघाताची चाचणीही येते. मोटारसायकलचं पूर्ण बंद हेल्मेट जड असतं, त्यात बाजूचं कमी दिसतं, मागून येणाऱ्याची हाक नीट ऐकू येत नाही, आणि स्कीचा गॉगल त्याच्यावर बसत नाही. ईएन १०७७ मध्ये अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. अ वर्गाचं कवच डोक्याचा जास्त भाग झाकतं. ब वर्गात कानावर बहुधा मऊ पट्ट्या असतात. काडीला त्या सोसवतात, म्हणून उतारावर नेमस्त वेगानं शिकणाऱ्या चष्मेवाल्याला मी ब सुचवीन. मिप्स नावाचा आतला सरकता थर असलेलं मिळालं तर घ्या. स्वीडनमधल्या संशोधनातून आलेली ती गोष्ट तिरप्या आघातात डोक्याला बसणारा पीळ कमी करण्यासाठी आहे.

माप भुवईच्या जरा वरून, टेप डोक्याभोवती फिरवून घ्यायचं. पट्टा न लावता हेल्मेट घालून डोकं हलवलं तर कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. आत लोकरीची टोपी घालून ढिलं हेल्मेट घट्ट करायचं नाही. मग चष्मा, मग गॉगल. गॉगलची वरची कड आणि हेल्मेटची खालची कड एकमेकींना भिडल्या पाहिजेत. मधे कपाळाची पट्टी उघडी राहिली तर तिथं वारा सुरीसारखा लागतो, आणि हेल्मेट गॉगलला खाली दाबत असेल तर चष्मा नाकावरून घसरतो. हे जमतंय की नाही ते तिन्ही वस्तू एकाच वेळी डोक्यावर असल्याशिवाय कळत नाही. वेगवेगळ्या तिन्ही चांगल्या असूनही एकत्र न जमणाऱ्या मी बघितल्यात. आणि जोराचा मार बसलेलं हेल्मेट, वरून धड दिसलं तरी, बदलायचं.

पुढे काच असलेली, म्हणजे व्हायझरची हेल्मेटंही येतात. चष्म्यावरून काच खाली ओढली की झालं. आत जागा भरपूर, वाफ कमी, काडीवर दाब नाही. ज्यांचा चष्मा मोठा आहे किंवा ज्यांना गॉगलचा पट्टा, फोम हे सगळं नकोसं होतं, त्यांच्यासाठी ही चांगली सोय आहे. वेग वाढला की खालून वारा शिरतो आणि काचेवर चरा पडला तर ती बदलणं महाग पडतं, एवढं लक्षात ठेवावं.

कॉन्टॅक्ट लेन्सच्या मी विरोधात नाही. ज्याला सवय आहे त्यानं जरूर लावाव्यात, डोळ्यावर त्या गोठत नाहीत. रोज फेकायच्या घ्या, म्हणजे डबी आणि सोल्युशनची भानगड नाही. सोल्युशनची बाटली थंडीत खोलीतही गोठू शकते. नळाचं किंवा वितळलेल्या बर्फाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, लावून झोपायचं नाही. उंचावर हवा कोरडी असते, डॉक्टरांना विचारून ओलाव्याचे थेंब जवळ ठेवा. पण ज्यानं आयुष्यात लेन्स लावलेली नाही त्यानं ती सहलीच्या तोंडावर सुरू करू नये. सिलेंडर असेल तर लेन्स डोळ्यावर नीट बसायलाच दोन-तीन फेऱ्या लागतात. लेसरचं तर एका सहलीसाठी मनातही आणू नये, आधी नंबर स्थिर व्हावा लागतो आणि डोळा त्या शस्त्रक्रियेला योग्य आहे का ते डॉक्टरच ठरवतात. मोठा उणे नंबर असलेल्यानं मात्र एक करावं. जाण्याआधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. मोठ्या नंबरचा पडदा ताणलेला, नाजूक असतो आणि तो बरा आहे हे कळल्यावर पडायचीही भीती थोडी कमी होते.

भाड्याच्या दुकानात स्की, बूट, काठ्या मिळतात. हेल्मेट आणि गॉगलही मिळू शकतात, पण तुमच्या चष्म्यावर बसणारा ओटीजी तिथं असेलच हे धरून चालू नका. बाकी सगळं भाड्यानं घ्या, या दोन वस्तू घरून न्या. पैसे कमी असतील तर दोन मित्रांनी मिळून घ्या, पण मापं जुळत असतील तरच.

सध्या नंदुरबारचे दोघे भाऊ औलीला निघालेत. मोठ्याला उणे अडीच, धाकट्याला अधिक तीन. अधिकवाल्याची काच मधे जाड असते, त्यामुळे ती गॉगलच्या काचेला टेकायची भीती जास्त. त्याला फोनवर म्हटलं, काडीवरचे तिन्ही आकडे वाचून दाखव. त्यानं वाचले. पहिला आकडा ५६ निघाला. फ्रेम बदलावी लागणार, हे तिथंच कळलं. दोघे रविवारी येतायत. गॉगल अजून घेतलेला नाही, हे बरं झालं. हेल्मेट मात्र घेऊन बसलेत, तर ते पिशवीत टाकून बरोबर आणा असं सांगितलंय, आणि येताना घरातला जुना चष्माही आणा, फ्रेम धड असेल तर तिच्यात पॉलीची काच बसवून जादा चष्मा होऊन जाईल.